‘राहणे’, ‘असणे’ आणि ‘नांदणे’ : विवाहित स्थायी निवाशाने अमेरिकन नागरिकत्वासाठी अर्ज केव्हा करावा

मराठीतील ‘राहणे’ हे क्रियापद मोठे ऐसपैस आहे. बारा वर्षे मुंबईत खोली घेऊन असलेला मनुष्यही ‘राहणार कोठले?’ या प्रश्नास ‘राहणार वाई, जिल्हा सातारा’ असे उत्तर देतो, आणि त्यात त्याला किंवा विचारणाऱ्याला कसलीही विसंगती जाणवत नाही. आजचा मुक्काम, घराण्याचे मूळ गाव आणि कधी तरी परत जाण्याचा मनोदय या तिन्ही गोष्टी ते एकच क्रियापद आपल्या पोटात सामावून घेते. व्यवहारात त्यामुळे सोयच होते. कायद्याला मात्र ही सोय परवडत नाही. तो या तीन गोष्टी वेगळ्या काढतो, प्रत्येकीला स्वतंत्र नाव देतो आणि प्रत्येकीचे दिवस वेगवेगळे मोजतो.

या विभागातून पदव्युत्तर शिक्षण घेऊन अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत गेलेल्या विद्यार्थ्यांपैकी काहींनी तेथेच विवाह केले, काहींनी येथे विवाह करून जोडीदारास तेथे नेले. त्यांच्याकडून अलीकडे एक प्रश्न वारंवार विचारला जातो : स्थायी निवासाचा परवाना, म्हणजे ज्याला सर्वत्र ‘ग्रीन कार्ड’ म्हणतात तो, मिळून तीन वर्षे होत आली, जोडीदार तेथील नागरिक आहे, तर नागरिकत्वाचा अर्ज आताच करावा, की आणखी दोन वर्षे थांबावे? हा प्रश्न वकिलाचा आहे हे उघड आहे, आणि ज्याच्या प्रकरणात काही गुंतागुंत असेल त्याने वकिलाकडेच जावे. तथापि प्रश्नाचा गाभा शब्दार्थाचा आहे, आणि तेवढ्यापुरता तो आमच्या कक्षेत येतो. ‘तीन वर्षे’ म्हणजे कशाची तीन वर्षे, हे नीट न पाहिल्यामुळेच यातील बहुतेक घोटाळे होतात.

प्रथम कायद्याचे स्वरूप पाहू. १९५२ चा ‘इमिग्रेशन अँड नॅशनॅलिटी ॲक्ट’ हा अनेक दुरुस्त्यांसह आजही तेथील मूळ कायदा आहे. त्याच्या ३१६ व्या कलमान्वये स्थायी निवाशास पाच वर्षांच्या अखंड वास्तव्यानंतर नागरिकत्व मागता येते. ३१९ व्या कलमाच्या पहिल्या पोटकलमान्वये, अर्जदार अमेरिकन नागरिकाशी विवाहबद्ध असेल तर, ही मुदत तीन वर्षांवर येते. (नोकरीनिमित्त सरकारकडून किंवा विशिष्ट अमेरिकन संस्थांकडून परदेशी नेमल्या गेलेल्या नागरिकांच्या जोडीदारांसाठी त्याच कलमात आणखी एक सवलत आहे, तिचा येथे विचार केलेला नाही.) लोकांच्या बोलण्यात या दोन कलमांचे रूपांतर ‘लग्न झालेल्यांना तीन, इतरांना पाच’ अशा सुटसुटीत सूत्रात झाले आहे. हे सूत्र चुकीचे आहे. पाच वर्षांचा मार्ग विवाहितांनाही तितकाच खुला आहे, आणि तीन वर्षांचा मार्ग सर्व विवाहितांना खुला नाही.

ही सवलत आली कोठून, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. १८५५ च्या कायद्याने अमेरिकन पुरुषाशी विवाह करणारी परदेशी स्त्री, ती स्वतः नागरिकत्वास पात्र असल्यास, विवाहाबरोबरच नागरिक होत असे. १९०७ च्या कायद्याने याची उलट बाजूही पुरी केली : परदेशी पुरुषाशी विवाह करणारी अमेरिकन स्त्री आपले नागरिकत्व गमावू लागली. पत्नीचे राष्ट्र म्हणजे पतीचे राष्ट्र, असा त्यामागील विचार होता. १९२२ च्या ‘केबल ॲक्ट’ने ही गाठ सोडवली, पण पुरती नव्हे. नागरिकत्वास ‘अपात्र’ ठरलेल्या परदेशी पुरुषाशी विवाह करणारी स्त्री १९३१ पर्यंत नागरिकत्वास मुकतच होती. आणि १९२३ साली भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना अशा अपात्रांच्या रांगेत बसवले होते. ती अपात्रता १९४६ साली दूर झाली. दरम्यान, १९३४ च्या कायद्याने नागरिकाच्या पतीला आणि पत्नीला सारखीच तीन वर्षांची मुदत लागू केली. म्हणजे आजची तीन वर्षे ही एका जुन्या कल्पनेचा, विवाहाने राष्ट्र बदलते या कल्पनेचा, उरलेला अंश होय. त्यामुळेच या मार्गावर विवाहाची बारकाईने तपासणी होते, हेही सहज समजते.

आता शब्दांकडे वळू. पहिला शब्द ‘रेसिडेन्स’, वास्तव्य. याच कायद्याच्या १०१ व्या कलमात त्याची व्याख्या आहे. तिचा आशय असा : माणसाचे प्रत्यक्षातील मुख्य राहण्याचे ठिकाण म्हणजे त्याचे वास्तव्य, मग त्याचा हेतू काहीही असो. ‘राहणार वाई’ म्हणणाऱ्या आपल्या मुंबईकराला ही व्याख्या ताबडतोब मुंबईचा करून टाकते. हे वास्तव्य ‘अखंड’ असले पाहिजे. अखंड म्हणजे देशाबाहेर पाऊल न टाकणे नव्हे. सहा महिन्यांपर्यंतच्या परदेशवासाने सामान्यतः खंड पडत नाही. सहा महिन्यांहून अधिक, पण एक वर्षाहून कमी अशा सलग अनुपस्थितीने खंड पडला असे गृहीत धरले जाते. मात्र तेथील नोकरी सोडली नव्हती, कुटुंब तेथेच होते, घर राखून ठेवले होते, इकडे नोकरी धरली नव्हती, असे पुरावे देऊन हे गृहीत खोडून काढता येते. अनुपस्थिती एक वर्षाची किंवा त्याहून अधिक झाली की, काही विशेष नेमणुकांचे अपवाद सोडता, अखंडता तुटलीच.

दुसरा शब्द ‘फिजिकल प्रेझेन्स’. त्याला मराठीत केवळ ‘असणे’ म्हणावे. येथे हेतूही नाही आणि घरही नाही. शरीर त्या भूमीवर किती दिवस होते, एवढीच गणती. मुदतीचा निम्मा काळ असा भरावा लागतो : तीन वर्षांच्या मार्गावर अठरा महिने, पाच वर्षांच्या मार्गावर तीस. जाण्याचा व येण्याचा दिवस धरून हा हिशेब पारपत्रावरील शिक्क्यांवरून आणि विमानाच्या तिकिटांवरून कोणालाही घरी करता येतो. दर वर्षी चार महिने पुण्यास येऊन राहणारा अर्जदार ही अट सहज पुरी करतो. दर वर्षी साडेसहा महिने येणारा मात्र ‘असणे’ आणि ‘राहणे’ या दोन्ही अटींवर अडकतो.

तिसरा शब्द ‘लिव्हिंग इन मॅरिटल युनियन’ हा. येथे आमच्या भाषेजवळ एक असा शब्द आहे की ज्याचा त्या कायद्याच्या कर्त्यांना हेवा वाटावा. तो शब्द म्हणजे ‘नांदणे’. संस्कृत ‘नन्द्’ या धातूपासून आलेला हा शब्द मुळात आनंदाचा. पुढे सुखासमाधानाने वसण्याचा. आणि अखेर विवाहित स्त्रीने सासरी पतीसह राहण्याचा. लग्न होणे वेगळे आणि नांदणे वेगळे, हा भेद मराठी माणसाला शिकवावा लागत नाही. ‘लग्न झाले, पण नांदली नाही’ हे वाक्य कोणत्याही खेड्यात समजते. आणि हिंदू विवाह अधिनियमाच्या नवव्या कलमाखालील वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेच्या दाव्यास लोक ‘नांदायला नेण्याचा दावा’ असेच म्हणतात. अमेरिकन नियमही नेमके हेच सांगतात : विवाह कागदोपत्री वैध असणे पुरेसे नाही, अर्जदार जोडीदारासह प्रत्यक्ष राहत असला पाहिजे. फरक इतकाच की आमचे ‘नांदणे’ बहुधा पत्नीच्याच वाट्याला येते, तर तेथील कायद्यात पती अर्जदार असेल तर पतीनेही नांदावे लागते.

तीन वर्षांच्या मार्गावर ही तिन्ही क्रियापदे एकाच वेळी चालावी लागतात, आणि शिवाय एक चौथे घड्याळ असते : जोडीदार त्या तिन्ही वर्षांत अमेरिकन नागरिक असला पाहिजे. पाच वर्षांच्या मार्गावर फक्त पहिली दोन क्रियापदे आहेत. अर्ज केव्हा करावा याचे उत्तर या भेदातून निघते. जे घड्याळ सर्वांत शेवटी पूर्ण होते, ती आपली तारीख; आणि तीन वर्षांच्या मार्गावर चारपैकी दोन घड्याळे आपल्या हातातली नसतात.

एक कल्पित उदाहरण घेऊ. पती २०२० पासून अमेरिकन नागरिक. विवाह डिसेंबर २०२१ मध्ये साताऱ्यास झाला. पती पंधरा दिवसांनी परत गेला. पत्नी व्हिसा मिळून १० मार्च २०२३ रोजी तेथे उतरली व त्याच दिवशी स्थायी निवासी झाली. त्या दिवशी विवाहास दोन वर्षे पूर्ण झाली नव्हती, म्हणून तिचा परवाना दोन वर्षांचा, सशर्त. (१९८६ च्या दुरुस्तीने आलेली ही तरतूद बनावट विवाहांना आळा घालण्यासाठी आहे, परवान्याची मुदत संपण्याच्या आधीच्या नव्वद दिवसांत शर्त काढून टाकण्याचा अर्ज दोघांनी मिळून करावा लागतो. सशर्त काळ मुदतीत धरला जातो, पण शर्तीचा निकाल लागल्याखेरीज नागरिकत्व मिळत नाही.) तीन वर्षे १० मार्च २०२६ रोजी पुरी होतात. अर्ज नव्वद दिवस आधी करता येतो, हे बहुतेकांना ठाऊक असते, आणि म्हणून हिशेब होतो १० डिसेंबर २०२५ चा. येथेच पाय घसरतो. नव्वद दिवसांची ती सवलत अखंड वास्तव्याच्या मुदतीपुरती आहे. नांदण्याची तीन वर्षे अर्जाच्या दिवशी पूर्ण भरलेली असली पाहिजेत, असा तेथील खात्याच्या धोरणपुस्तिकेचा अर्थ आहे. हे जोडपे १० मार्च २०२३ पासूनच एकत्र राहू लागले. म्हणजे या अर्जदारास सवलत असून नसल्यासारखी. विवाहानंतर वर्षभर पतीनेही साताऱ्यातच संसार केला असता, तर गोष्ट वेगळी होती. लग्नाची तारीख एकच असूनही ‘नांदण्या’ची तारीख निराळी असू शकते, ती अशी.

दुसरे उदाहरण आमच्या विद्यार्थ्यांत अधिक आढळणारे. दोघेही नोकरीच्या मार्गाने स्थायी निवासी झाले, पती आधी, पत्नी १५ ऑगस्ट २०२१ रोजी. पतीने १५ मे २०२३ रोजी नागरिकत्वाची शपथ घेतली. आता पत्नीला वाटते की आपण नागरिकाची पत्नी, आपल्याला तीन वर्षे पुरेत, आणि ती तर ऑगस्ट २०२४ मध्येच भरली. परंतु पती नागरिक होऊन तीन वर्षे व्हायला १५ मे २०२६ उजाडावा लागतो. तिच्या स्वतःच्या पाच वर्षांचा अर्ज, नव्वद दिवसांची सवलत धरून, १७ मे २०२६ पासून करता येतो. दोन दिवसांच्या लाभासाठी संसाराचे सगळे पुरावे, घरभाड्याचा करार, संयुक्त बँकखाते, आयकराची विवरणपत्रे, जोडीदाराच्या नागरिकत्वाचा दाखला, इतके सर्व तपासणीपुढे मांडायचे काय? आमच्या मते नाही.

मग तीन वर्षांचा मार्ग कोणी घ्यावा? ज्याचा संसार सरळ चालला आहे, परदेशगमन थोडे आहे आणि ज्याला घाईचे खरे कारण आहे, त्याने अवश्य घ्यावा. घाईचे सर्वांत सबळ कारण आईवडिलांचे. स्थायी निवाशास आपल्या आईवडिलांसाठी स्थायी निवासाची मागणी करता येत नाही. एकवीस वर्षांवरील नागरिकास करता येते, आणि त्यांना वार्षिक संख्येची मर्यादा लागत नाही. एकुलत्या एक मुलीची आई सोलापुरास एकटी असेल, तर दोन वर्षे ही लहान गोष्ट नव्हे. वारंवार व दीर्घकाळ भारतात यावे लागणाऱ्यासही लवकर नागरिक होणे सोयीचे, कारण नागरिकाला अनुपस्थितीचा हिशेब द्यावा लागत नाही. पण येथे एक विचित्र पेच आहे. आजारी वडिलांच्या शुश्रूषेसाठी सात महिने येऊन राहिलेल्या मुलीला ज्या सवलतीची सर्वाधिक गरज, तीच त्या सात महिन्यांनी धोक्यात येते. अशा वेळी सहा महिन्यांच्या आत एकदा परत जाणे, किंवा ते न जमल्यास तेथील घर आणि नोकरी टिकवल्याचे कागद जपणे, एवढेच हाती राहते. तेथील आयकर विवरणपत्रात स्वतःस ‘अनिवासी’ म्हणवून कर वाचवण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो मानू नये. त्या एका शब्दाने वास्तव्य सोडल्याचे गृहीत आपणच उभे करून देतो.

याहून गंभीर गोष्ट अशी. तीन वर्षांच्या मार्गाने केलेल्या अर्जाच्या वेळी विवाह केवळ अर्जाच्या दिवसापर्यंत नव्हे, तर शपथ घेईपर्यंत टिकावा लागतो. मध्येच घटस्फोट झाला, किंवा जोडीदाराचा मृत्यू झाला, तर या कलमाखालील पात्रता जाते, आणि दुसऱ्या नागरिकाशी विवाह करून तोच अर्ज पुन्हा जिवंत करता येत नाही. कायदेशीर विभक्ततेनेही नांदणे तुटते. सैन्यातील नेमणूक किंवा नोकरीची अपरिहार्य निकड यांमुळे झालेली ताटातूट मात्र क्षम्य आहे. एक बॉस्टनला व दुसरी सिअ‍ॅटलला असे प्राध्यापकी करणारे दांपत्य म्हणून आपोआप बाद होत नाही. मात्र अशा ताटातुटीमागे बेबनाव नाही, हे दाखवण्याची तयारी असावी.

येथे एका गैरसमजाबद्दल स्पष्ट लिहिणे आवश्यक वाटते, कारण त्याची किंमत माणसे आयुष्याने मोजतात. नागरिक पतीच्या घरी छळ सोसणाऱ्या काही स्त्रिया ‘नागरिकत्व हाती येईपर्यंत’ म्हणून त्या घरात राहतात. आपले नागरिकत्व पतीच्या मर्जीवर आहे, अशी त्यांची समजूत असते, किंवा करून दिलेली असते. कायदा तसे म्हणत नाही. पाच वर्षांच्या मार्गास नांदण्याची अट नाही. विवाह प्रामाणिकपणे केला होता एवढे सिद्ध असल्यास घटस्फोटानंतरही ती वर्षे तिची स्वतःचीच राहतात. परवाना सशर्त असेल आणि पती सही करण्यास नकार देत असेल, तर घटस्फोट किंवा छळ या कारणांवरून शर्त काढण्याचा अर्ज तिला एकटीला करता येतो. इतकेच नव्हे, तर नागरिक जोडीदाराचा छळ झाल्यामुळे, त्याची पत्नी म्हणून, स्थायी निवास मिळालेल्या स्त्रीस नांदण्याच्या अटीवाचून तीन वर्षांचाच मार्ग वापरण्याची मुभा २००० साली कायद्यात घालण्यात आली. ‘नांदणे’ या शब्दातून आनंदाचा अर्थ निघून गेला तरी नांदलेच पाहिजे, हा आपल्याकडील सामाजिक दंडक आहे. तेथील नागरिकत्वाच्या कायद्यात तो नाही.

आता भारताची बाजू. नागरिकत्व अधिनियम, १९५५ च्या नवव्या कलमान्वये जो भारतीय नागरिक स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व स्वीकारतो, त्याचे भारतीय नागरिकत्व त्याच क्षणी संपते. (तेही नववेच कलम, आणि वर्षही तेच १९५५, हा योगायोग म्हणून सोडून द्यावा.) त्यासाठी येथे निराळा अर्ज लागत नाही आणि मनातून आपण भारतीयच आहोत, या भावनेचाही उपयोग नाही. अमेरिकेतील शपथविधीचा दिवस हा म्हणून दोन्ही बाजूंनी हिशेबाचा दिवस आहे. त्या दिवसापासून लोकसभेच्या मतदानाचा हक्क जातो. स्थायी निवाशाचा तो हक्क शाबूत असतो : २०११ पासून परदेशस्थ भारतीय नागरिकास मतदार म्हणून नाव नोंदवून मतदानासाठी येथे येता येते. शेतजमिनीविषयी मात्र ऐकू येणारी भीती बरीचशी अस्थानी आहे. शेतजमीन विकत घेण्यास परकीय चलनविषयक नियम परदेशस्थ भारतीय नागरिकालाही परवानगी देत नाहीत. म्हणजे ती मुभा नागरिकत्वाबरोबर नव्हे, परदेशवासाबरोबरच गेलेली असते. वडिलोपार्जित जमीन वारशाने येण्यास परदेशी नागरिकत्व आड येत नाही. उलट ज्याचा विचार कमी होतो, ती गोष्ट कराची. अमेरिका आपल्या नागरिकांवर, ते जगात कोठेही राहोत, त्यांच्या सर्व उत्पन्नाबद्दल कर आकारते. निवृत्तीनंतर कायमचे नाशिकला येऊन राहण्याचा बेत पक्का असेल, तर हा अर्ज करावाच काय, हाही प्रश्न विचारला पाहिजे. ‘केव्हा’ हा त्यानंतरचा.

कित्येकदा थांबण्यातच लाभ असतो, आणि तो भाषेचा असतो. अर्जदारास सामान्यतः इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते. पन्नाशी ओलांडलेल्या व वीस वर्षे स्थायी निवासी असलेल्या, किंवा पंचावन्न ओलांडलेल्या व पंधरा वर्षे निवासी असलेल्या अर्जदारास तीतून सूट आहे. नागरिकशास्त्राची तोंडी परीक्षा त्यांना दुभाष्यामार्फत मराठीतही देता येते. २० ऑक्टोबर २०२५ पासून दाखल होणाऱ्या अर्जांसाठी ही परीक्षा १२८ प्रश्नांच्या संचावर घेतली जाते. वीस विचारतात, बारा बरोबर यावे लागतात. चोपन्नाव्या वर्षी, चौदा वर्षांच्या वास्तव्यानंतर, इंग्रजीच्या धास्तीने रात्र रात्र जागणाऱ्या गृहिणीला तिच्या मुलांनी एक वर्ष थांबू द्यावे.

राहिली एक व्यवहाराची बाब. शपथेनंतर भारतीय पारपत्र वापरणे गुन्हा ठरते. प्रथम अमेरिकन पारपत्र काढावे, मग भारतीय पारपत्र परत करून त्याचा दाखला घ्यावा, आणि त्यानंतर ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’च्या कार्डासाठी अर्ज करावा. नाव काहीही असले तरी ते नागरिकत्व नव्हे, आजीवन प्रवेशाचा परवाना आहे. या सर्वाला काही आठवडे, कधी काही महिने लागतात, आणि त्या अवधीत व्हिसाशिवाय भारतात येता येत नाही. घरात लग्न किंवा मुंज ठरलेली असेल, तर शपथेची तारीख त्यानंतरची मागून घ्यावी.